नवसाचा घोडा : माती, भट्टी आणि देवाचं ठाणं

मंडळी, नमस्कार.

नागपुरात देवाधर्माच्या जनावरांचा विषय काढला की आधी डोळ्यांपुढे येतो तो लाकडाचा नंदी. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचा नंदी ओढत घरोघर जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात आणि अंधार पडायच्या आत नंदीसकट घरी येतात. मग तो नंदी पुसून माळ्यावर ठेवला जातो, पुढच्या वर्षी पुन्हा खाली उतरतो. चांगल्या सागवानी नंदीवर दोन-तीन पिढ्या खेळून जातात. आज नवसाच्या ज्या मातीच्या जनावरांबद्दल बोलायचं आहे, त्यांचं सगळं याच्या उलट आहे. ती एकदाच घरून निघतात आणि परत येत नाहीत. कुंभाराच्या अंगणापासून देवाच्या ठाण्यापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. तिथे पोचली की पुढे ऊन, पाऊस, वाळवी, चरणाऱ्या गुरांचे पाय. काही वर्षांत त्यांच्या खापऱ्या होतात आणि त्यांच्याच शेजारी नवी जनावरं येऊन उभी राहतात.

मातीच्या घोड्याला हा एकच प्रवास धडपणे पार पाडायचा असतो, ही गोष्ट ध्यानात धरली की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. पोट पोकळ का असतं, मातीत लीद किंवा तूस का घालतात, भाजणी एवढी हलकी का, आणि ठाण्यावर मोडलेला घोडा कुणी दुरुस्त का करत नाही, या सगळ्यांची उत्तरं त्या प्रवासात आहेत. नवस फिटण्याआधी जनावराला तडा गेला तर ते कुंभाराच्या जिवाला लागतं. नवस फिटल्यावर तेच जनावर मोडलं तर कुणाचंच काही बिघडत नाही.

एक फरक आधीच स्पष्ट करतो, कारण तो न केल्यामुळे लिखाणात फार गोंधळ होतो. आपल्याकडे मातीच्या मूर्तींचे दोन वेगळे व्यवहार आहेत. गणपती, गौरीचे काही प्रकार, बेंदराला पश्चिम महाराष्ट्रात पुजतात ते बैल, नागपंचमीचा नाग, हे सगळं कच्च्या मातीचं. त्यात देवाला किंवा पूज्य जनावराला बोलावून घेतलेलं असतं. पूजा झाली की ती माती पाण्यात विरघळली पाहिजे, म्हणून ती भाजायची नसते. नवसाचं जनावर मात्र स्वतः देव नाही. ते देवाला दिलेलं आहे. त्याला उघड्यावर उभं राहायचं असतं, निदान चार पावसाळे तग धरायचा असतो, म्हणून ते भाजतात. कच्चं की भाजलेलं एवढं पाहिलं तरी मूर्ती कोणत्या व्यवहारातली आहे, याचा पहिला अंदाज येतो.

अंदाजच म्हणतो मी, पुरावा नव्हे. उत्खननात सापडलेला प्रत्येक मातीचा बैल नवसाचा असं धरून चालणं मला पटत नाही. पोरांची खेळणीही मातीचीच असत. माळव्यात कायथ्याला ताम्रपाषाणयुगीन थरांत मातीचे बैल भरपूर मिळाले. त्यांतले पूजेतले किती, खेळातले किती, हे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची गोष्ट वेगळी आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. त्यात एका घराच्या जमिनीत पुरलेली मातीची झाकणाची डबी मिळाली, आणि तिच्याबरोबर बिनडोक्याची स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीच्या पोटात भोक आहे, बैलाच्या पाठीतही भोक आहे. दोन्हींत काडी घातली की मूर्ती बैलावर उभी राहते. माती कच्चीच ठेवलेली, वय तीन हजार वर्षांच्या वर. इथे ठेवण, जागा आणि जोडणी तिन्ही बोलतात, म्हणून पूजेचा अर्थ लावता येतो. वस्तू कुठे आणि कशी ठेवली होती हे हरवलं, की अर्ध्याहून अधिक अर्थ तिथेच जातो. शेवटी ठाण्यांबद्दल बोलताना याकडे परत यावं लागेल.

आता देवांकडे वळू. गावाच्या शिवेवर राखण करणारा देव भारतात जवळपास सगळीकडे आहे. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो, रोगराई आणि चोरचिलटं शिवेबाहेर ठेवतो. फेरीला वाहन हवं, म्हणून घोडा. घोड्याच्या नवसाची सर्वांत भरदार परंपरा तमिळनाडूत आहे. तिथे तो देव अय्यनार. पुदुक्कोट्टै, शिवगंगै या भागांत अय्यनारच्या ठाण्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना मातीच्या घोड्यांच्या रांगा उभ्या असतात. गुडघ्याएवढे असतात, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे असतात, आणि काही ठिकाणी पंधरा-सोळा फुटांचेही आहेत. घोड्यांबरोबर गायी, कुत्री, नाग आणि मूल झालं म्हणून वाहिलेली मातीची बाळंही दिसतात. हे घडवणारे कुंभार म्हणजे वेळार. पुष्कळ ठाण्यांवर पुजारीही तेच असतात. घडवणारा आणि देवापुढे उभा करणारा हात एकच, ही तिथली मोठी खूण.

घोडे वाहण्याच्या उत्सवाला तिथे पुरवी एडुप्पु म्हणतात. त्याची सुरुवात घोड्यापासून होत नाही, मातीपासून होते. गावकीच्या वतीने कुंभाराला मूठभर माती दिली जाते, तिला पिडिमण् म्हणतात. त्या मुठीबरोबर मागणी पक्की होते. कुंभार ती मूठ आपल्या मातीत मिसळतो, म्हणजे प्रत्येक घोड्यात गावाची माती असते. घडवणं आणि भाजणं झाल्यावर रंग येतो, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. डोळे उघडेपर्यंत तो कुंभाराचा माल, डोळे उघडले की देवाचा घोडा. मग वस्त्र, हार, आणि लाकडाच्या चौकटीवर बांधून खांद्यावरून ठाण्यापर्यंत मिरवणूक. कुंभाराचं कौशल्य खरं कसाला लागतं ते या मिरवणुकीत. चौकट डुलते, खांदेकरी बदलतात, वाट खाचखळग्यांची असते. पायाची भिंत जाड राहिली तर ओझं उचलवत नाही, पातळ राहिली तर हिसक्याने सांधा सुटतो.

मोठा घोडा तिथे कसा उभा राहतो ते सांगतो. पहिले चार पाय. मातीच्या जाड वळकट्या एकावर एक चढवून, आतून हाताचा आधार देत आणि बाहेरून थापीने चोपत, पोकळ नळकांडी करायची. एका बैठकीत वीतभरापेक्षा जास्त उंची चढवायची नाही. खालची माती वरचा भार पेलण्याइतकी घट्ट झाली की पुढची वीत. पाय तयार झाल्यावर पोटाचा तळ, मग बाजू, मग पाठ. मान आणि डोकं शेवटी. खूप मोठ्या घोड्याचं डोकं वेगळं भाजून नंतर बसवतात. असा कच्चा घोडा जागचा हलवता येत नाही. म्हणून भट्टीच त्याच्याभोवती रचतात: गोवऱ्या, लाकूड, गवत, वरून मातीचा लेप. भाजून झालं की भट्टी उकलायची, घोडा आत उभाच.

गुजरातच्या पूर्व पट्ट्यात, साबरकांठ्यातल्या पोशिना भागात आणि छोटा उदेपूरकडे, घोडा वेगळ्या रीतीने होतो. तिथे कुंभाराचं चाक मुख्य. धड म्हणजे चाकावर काढलेलं लांबट भांडं, आडवं केलेलं. पाय म्हणजे निमुळत्या नळ्या, मान म्हणजे आणखी एक नळी. जोडणी झाल्यावर लगाम आणि खोगीर मातीच्या पट्ट्यांनी, डोळे गोळ्यांनी. भील, गरासिया, राठवा ही मंडळी नवस फेडायला हे घोडे नेतात. गुरं बरी झाली, मूल दुखण्यातून उठलं, पीक हाती आलं, कारणं अशी रोजच्या जगण्यातली. पोशिन्याजवळच्या ठाण्यावर झाडाखाली घोड्यांची दाटी एवढी, की नवा घोडा ठेवायला जुन्यांच्या खापऱ्यांवर जागा करावी लागते. राठवांकडे घोड्यांबरोबर घुमटीसारखं मातीचं लहान घरही वाहतात. या सगळ्याची बारकाईने नोंद घेणाऱ्यांत हकू शाह (१९३४–२०१९) यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. ते स्वतः चित्रकार होते, त्यामुळे देवाचा घोडा आणि घडवणाऱ्याचा हात दोन्ही त्यांना सारखे दिसले.

बंगालमध्ये बांकुडा जिल्ह्यातल्या पंचमुड्याचा घोडा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. उंच ताठ मान, उभे लांब कान. तो मुळात धर्मठाकूर, मनसा अशा ग्रामदेवतांना वाहायचा घोडा. पीरांच्या दर्ग्यांवरही बंगालमध्ये मातीचे घोडे वाहतात, आणि वाहणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसं असतात. पुढे हाच घोडा देशाच्या हस्तकलेचं बोधचिन्ह झाला आणि दिवाणखान्यात गेला. घडणीत त्याची एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. कान आणि शेपूट वेगळे करतात आणि खाचेत बसवतात. एवढे लांब कान अंगाला जोडून भाजले तर भट्टीत आणि वाटेत ते पहिल्यांदा जातात. तिथे लाल घोडा आणि काळा घोडा एकाच मातीचे. शेवटी धुराला वाट ठेवली तर लाल. भट्टीची भोकं लिंपून टाकली की आत हवा उरत नाही, मातीतल्या लोहाचं रूप बदलतं, काजळीही मुरते आणि घोडा काळा निघतो.

बाकीचं भराभर. मिथिलेत राजा सलहेस या लोकदेवाच्या गहबरात, म्हणजे ठाण्यात, मातीचे हत्ती-घोडे असतात. गोरखपूरजवळच्या औरंगाबाद गावच्या हत्ती-घोड्यांना २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. राजस्थानात नाथद्वाऱ्याजवळच्या मोलेल्याला जनावर सुटं उभं करत नाहीत, देवनारायण वगैरे देव घोड्यासकट मातीच्या पाटीवर उठावात करतात, आणि माघात दूरदूरचे भोपे त्या पाट्या घ्यायला येतात. आपल्या अगदी शेजारी बस्तर. नगरनार आणि कोंडागावचे कुंभार हत्ती, घोडे, बैल करतात आणि ते माता-गुडीत, म्हणजे देवीच्या ठाण्यात, वाहिले जातात. नागपूरहून हे पाहायचं असेल तर पहिला मुक्काम तिथे करावा, असं माझं मत आहे. मातीही आपल्या ओळखीची, देवही.

आता मातीत हात घालू. इथे कलाशाळेची मुलं आहेत, चितारओळीत काम करणारेही बसले आहेत, त्यामुळे हा भाग जरा सावकाश घेतो.

आपल्या भागाची पहिली अडचण काळी माती. धानपट्ट्यात शेतकरी जमिनीची जी नावं घेतात, त्यांतली कन्हार म्हणजे भारी काळी जमीन. हाताला ती लोण्यासारखी लागते, हवा तो आकार घेते, म्हणून नवख्याला मोह पडतो. पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या घोड्याच्या पोटावर होणार. मोरंड नावाच्या जमिनीत तर चुनखडीचे खडे असतात, त्यांचं दुखणं पुढे सांगतो. कामाची माती तलावाच्या किंवा नदीच्या काठची, गाळाची, चिकण पण अंगात बारीक रेती असलेली. नुसती तीच मिळाली नाही तर काळी माती एक भाग आणि गाळाची दोन भाग, असं मिश्रण करून पाहावं.

मोठं काम हाती घेण्याआधी एक चाचणी करायचीच. मातीची बोटभर जाड पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर मोजून १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि सावलीत वाळू द्या. रेघ ९.४ भरली तर सहा टक्के आकस, हे चालतं. ९ भरली तर दहा टक्के, त्यात मोठं पोकळ जनावर करू नका, रेती किंवा तूस वाढवा. पट्टी कडांनी वर उचलली गेली तर माती फार बारीक आहे, हेही तिथेच कळतं.

माती वाळवून, फोडून, चाळून घ्या. पाण्यात दोन-तीन दिवस भिजू द्या, मग पायाने तुडवा आणि हाताने मळा. मळतानाच मिसळण घालायची. मोलेल्याला गाढवाची लीद घालतात, साधारण चार भागांत एक. दक्षिणेत रेती आणि भाताचं तूस. आपल्याकडे धानाचं तूस सहज मिळतं, बारीक चाळलेली घोड्याची किंवा गाढवाची लीदही चालते. लीदीतले तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात, भेग सुरू झाली तरी पुढे धावू देत नाहीत. भट्टीत ते जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक वाटा उरतात. त्या वाटांनी वाफ बाहेर पडते आणि घोडा हलकाही होतो. खांद्यावरून नेताना हा हलकेपणा उपयोगी येतो. मात्र मिसळण एकतृतीयांशाच्या वर गेली तर भाजल्यावर अंग भुसभुशीत राहतं, नखाने उकरता येतं.

हातभर उंचीच्या, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरच्या घोड्यापासून सुरुवात करावी. भिंत सगळीकडे सारखी, सुमारे एक सेंटिमीटर. जाडी किती यापेक्षा ती सारखी असणं महत्त्वाचं. जिथे जाड तिथे पाणी उशिरा निघतं, जिथे पातळ तिथे लवकर, आणि दोघांच्या सीमेवर तडा जातो. नवख्याच्या घोड्यात हा तडा बहुधा मानेच्या मुळाशी दिसतो, कारण डोकं भरीव ठेवलेलं असतं. डोकं मधून कापा, आतली माती खरवडून काढा, पुन्हा जोडा.

सांधा जोडताना दोन्ही तुकडे सारखे ओले हवेत. पाय कालचे, धड आजचं, असं केलं तर धड आकसेल, पाय आकसणार नाहीत आणि पाय आपोआप गळून पडेल. दोन्ही कडांवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्यांवर त्याच मातीची पातळ राब, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावायची, दाबून बसवायचं आणि सांध्यावरून मातीची बारीक दोरी फिरवून जिरवायची. नुसतं पाणी लावून चिकटवलेला पाय भट्टीपर्यंत टिकतो, भट्टीतून येत नाही.

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण पोटाखालच्या भेगेचं कारण विचारलं तर दहांतले नऊजण माती वाईट होती म्हणतात. घोडा फळीवर उभा करून वाळत ठेवलेला असतो. पुढच्या आणि मागच्या पायांत समजा ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि माती सात टक्के आकसणारी आहे. म्हणजे वाळता वाळता ते पाय एकमेकांकडे चार सेंटिमीटर सरकले पाहिजेत. पाय फळीला चिकटलेले असतील तर ते सरकत नाहीत. वरचं धड आकसू पाहतं, खालचे पाय धरून ठेवतात, आणि सगळा ताण पोटाच्या मध्यावर येतो. तिथेच चीर जाते. उपाय साधा आहे. फळीवर बोटभर कोरडी रेती किंवा चाळलेली राख पसरा आणि घोडा तिच्यावर उभा करा. रोज सकाळी हलक्या हाताने प्रत्येक पाय जागेवरून सुटा आहे का ते पाहा. जड धडाखाली दोन दिवस चिंध्यांचा किंवा तणसाचा उशीसारखा टेकू द्या, पण पाय घट्ट झाल्याबरोबर तो काढा, नाहीतर टेकूच आकसायला आडवा येतो.

वाळवणं सावलीत, वारा न लागणाऱ्या जागी. कान, शेपूट, नाकपुड्या लवकर वाळतात, त्यांवर पहिले काही दिवस ओलसर फडकं ठेवा. आठ-दहा दिवस लागतात, ढगाळ हवेत पंधराही. घोडा वाळला की नाही हे गालाला लावून कळतं. गार लागला तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचं म्हणजे लागोपाठ दोन दिवस वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मगच भट्टी.

भट्टीत फुटलेल्या जनावराबद्दल एक समज पक्का बसलेला आहे, की आत हवा अडकली म्हणून फुटलं. नुसती हवा एवढं नुकसान करत नाही. फोडते ती वाफ. पाणी १०० अंशांना उकळतं, वाफ होऊन कितीतरी पट पसरते आणि तिला वाट मिळाली नाही तर भिंत घेऊन बाहेर पडते. जाड भिंतीत ओल शिल्लक असेल तर भरीव जनावरही फुटतं. पोकळ धडाला पोटाखाली किंवा शेपटीच्या मुळाशी अंगठ्याएवढं भोक ठेवायचं ते वाफेसाठी आणि आतून वाळण्यासाठी. ठाण्यावरच्या जुन्या घोड्यांच्या पोटाखाली हे भोक दिसतं. तो काही विधीचा भाग नाही, कुंभाराचं शहाणपण आहे.

गावठी आवा, म्हणजे उघड्यावरची भट्टी, असा रचा. जमीन कोरडी करून खापऱ्यांचा थर. त्यावर अर्धा फूट गोवऱ्या. मोठे घोडे खाली, लहान वर, मधल्या जागांत गोवऱ्यांचे तुकडे. जनावराच्या अंगाला अंग टेकू द्यायचं नाही. सगळ्यांवर पुन्हा गोवऱ्या, मग मोठ्या खापऱ्या, मग तणस, आणि शेवटी राख-मातीचा दोन बोटं जाड लेप. वर चार-पाच भोकं. वारा येतो त्या बाजूने पेटवायचं नाही, नाहीतर आग एकदम आत धावते.

पहिले दोन-तीन तास नुसती धग हवी. भोकावर थंड लोखंडी पत्रा क्षणभर धरा. त्यावर दव आलं तर पाणी अजून निघतं आहे, घाई करू नका. उघड्यावरचं पाणी गेलं तरी मातीच्या घडणीतलं पाणी पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघतं, तेव्हाही चढण सावकाशच हवी. ५७३ अंशांना मातीतल्या रेतीचे कण एकदम फुगतात, आणि थंड होताना त्याच ठिकाणी आकसतात. म्हणून भट्टी उकलायची घाई ही पेटवण्याच्या घाईइतकीच महाग पडते. संध्याकाळी पेटवावं म्हणजे रात्री भोकातून आतला रंग दिसतो. मंद लाल दिसला की ६५०-७००, स्वच्छ लाल झाला की ७५०-८००. आपल्याला तेवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी दुपारी, हात सहज घालता आला तरच उकला.

टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर अंग सलग आहे. बद्द आवाज म्हणजे आत तडा, किंवा कच्ची भाजणी. कच्ची की पक्की हे ठरवायला एक खापरी रात्रभर पाण्यात टाका. सकाळी कडा विरघळलेल्या दिसल्या तर तो घोडा पहिल्या पावसातच खाली बसेल.

आता मोरंडातल्या चुनखडीचं. घोडा भट्टीतून सुरेख निघतो, आणि तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, त्याच्या अंगावरून रुपयाएवढी खपली उडते. खाली खळगा आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. त्या जागी चुनखडीचा बारीक खडा होता. ८०० अंशांच्या वर तो भाजून कळीचा चुना झाला, मग हवेतलं पाणी ओढून फुगला आणि वरची माती उडवली. गव्हाच्या दाण्याएवढा खडा यासाठी पुरतो. उपाय तीन. माती बारीक चाळणीने चाळणं हा खरा उपाय. भाजणी साडेसातशेच्या आसपास थांबवणं, म्हणजे चुनखडी तशीच राहते. आणि तेही झालं नसेल तर भट्टीतून निघालेला, कोमट असलेला घोडा पाण्यात पूर्ण बुडवून काही तास ठेवणं, म्हणजे चुना तिथल्या तिथे विरून मऊ होतो. लहान जनावरांना हे जमतं. मोठ्यांना चाळणीशिवाय तरणोपाय नाही.

रंगाचंही थोडं. चुन्याची सफेदी आणि गेरू-काव मातीबरोबर श्वास घेतात. ऑइल पेंट तसा नाही. भाजलेली माती खालून पाणी ओढते, ते पेंटमधून बाहेर पडू शकत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यावर आता सिमेंटचा घोडा हा तोडगा निघाला आहे. तमिळनाडूत अय्यनारच्या ठाण्यांवर सिमेंटचे रंगीत घोडे सर्रास दिसतात. गावाच्या बाजूने पाहिलं तर त्यात सोय आहे, घोडा टिकतो. पण टिकतो म्हणूनच पुढच्या उत्सवाला नवा लागत नाही. मूठभर माती कुंभाराकडे जात नाही, त्याची भट्टी पेटत नाही, त्याचा मुलगा चाकावर बसत नाही. मातीच्या घोड्याचं मोडणं हेच कुंभाराचं पुढचं काम होतं. सिमेंटने ते काम संपवलं, आणि मला ही हानी ठाण्यावरच्या खापऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

म्हणून जुने घोडे उचलून जपण्याच्या उत्साहाला माझा विरोध आहे. ठाण्यावरचा घोडा उचलला की तो कुणाच्या शेजारी होता, तोंड कुठे होतं, कितव्या रांगेत होता, सगळं जातं. इनामगावची डबी, मूर्ती आणि बैल कुणी वेगवेगळे विकले असते तर आज आपल्यापाशी एक बिनडोक्याची बाई आणि एक भोकाचा बैल उरला असता. ठाण्यावर गेलात तर आधी भुमक्याला किंवा पुजाऱ्याला विचारा. चपला बाहेर. फोटो काढायला परवानगी घ्या, आणि मिळाली नाही तर वाद घालू नका. मोडक्या तुकड्यालाही हात लावू नका. वहीत नोंद करा: घोड्यांची तोंडं कोणत्या दिशेला, जोडीने की एकेकटे, नवे कुठे आणि जुने कुठे, पोटाखाली भोक आहे की नाही, सांधे चाकाचे की वळकटीचे. मग कुंभाराकडे जा आणि माती कुठून आणता, काय मिसळता, किती दिवस वाळवता ते विचारा. एका घोड्याचं देणं कसं ठरतं हे आवर्जून विचारा. रोख, धान्य, धोतर, नारळ, काय काय मिळतं ते लिहून घ्या. कारागिराला देणं किती आणि कशाच्या रूपात मिळत होतं हे न लिहिता कलेचं वर्णन करणं मला अपुरं वाटतं.

आणि तुमच्यापैकी कुणी यंदा करून पाहणार असेल, तर काम दिवाळीनंतर सुरू करा. हवा कोरडी असते, ऊन कडक नसतं, गोवऱ्या वाळलेल्या मिळतात. पाच घोड्यांचा नवस असेल तर सात घडवा. एखादा वाळताना जाईल, एखादा भट्टीत. तडा गेलेला घोडा सिमेंटने किंवा डिंकाने सांधून देवाला नेऊ नका, कुटून त्याची पूड करा आणि पुढच्या मातीत रेतीच्या जागी मिसळा. त्याने आकस कमी होतो. सातही धड निघाले तर उरलेले दोन कोरड्या जागी ठेवा, पुढच्या नवसाला लागतील.